मागच्या खोलीतला वास

मारिसा ग्रेकला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा ती सासऱ्यांच्या पलंगावरची चादर बदलत होती. आधी तिला वाटलं, खिडकीबाहेर उंदीर मरून पडला असेल. नव्या वस्तीत उंदीर फार; शेतं मोडून घरं उठवल्यावर ते तरी जाणार कुठे. तिने खिडकी लावून घेतली. वास हटला नाही, उलट कोंडून दाटच झाला. कुजकट, जरासा गोड, घशात जाऊन बसणारा. तिने चादर तशीच गोळा केली आणि श्वास धरून बाहेर आली.

घराला अजून वर्षही झालं नव्हतं. मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, जिथे शहर संपलं असं वाटेवाटेपर्यंत पुन्हा सुरू होतं, तिथे ‘विलो राइज’ नावाची वसाहत उभी राहिली होती. विलोचं झाड औषधालाही नव्हतं आणि चढ शोधावा तर सगळं माळरान तव्यासारखं सपाट. पण मारिसाला नाव आवडायचं. तिची आणि आल्फीची संसाराची सगळी वर्षं सेंट ऑल्बन्समधल्या एका जुन्या लाकडी घरात गेली होती. तिथे हिवाळ्यात फटींतून वारा शीळ घालायचा आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरायची. आता पांढरंशुभ्र स्वयंपाकघर होतं, तोंड दिसावं असा ओटा होता. पार्लरमध्ये कुणाचे केस रंगवताना ती ब्रश बाजूला ठेवून फोनमधले फोटो दाखवायची. बायका म्हणायच्या, नशीब काढलंस हो.

आल्फीचे वडील चेन्सू याच घरासाठी त्यांच्याकडे राहायला आले होते. माल्टाहून तरुणपणी बोटीने आलेला माणूस. गोदीत पाठ मोडेपर्यंत काम केलं, बायको गेली, आणि आपल्या छोट्या घरात एकटेच राहू लागले. मारिसाच त्यांना म्हणाली होती, “पा, मागची खोली तुमचीच. न्हाणीघर, संडास सगळं वेगळं. कुणाला विचारायला नको, कुणासाठी थांबायला नको.” पा आधी नको नको म्हणाले, मग घर विकून आले. आले ते टोमॅटोची रोपं घेऊनच. आपल्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांनी वाफा केला.

त्या डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ऊन असं पडलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. आणि ऊन जसं वाढलं तसा वास वाढला. मारिसाने ब्लीच ओतून लाद्या घासल्या. गालिचा भाड्याच्या यंत्राने धुतला. लव्हेंडरच्या मेणबत्त्या लावल्या. त्या मेणबत्त्यांमुळे खोलीला लव्हेंडर लावलेल्या मोरीचा वास आला. एकदा पार्लरमध्ये एका जुन्या गिऱ्हाईक बाईने मान मागे टाकली, नाक आक्रसलं आणि विचारलं, “तुमच्याकडे गटारबिटार तुंबलंय का गं?” मारिसा लाल झाली. त्यानंतर ती घरून निघताना कपड्यांवर अत्तर मारू लागली आणि दिवसभर स्वतःचीच बाही हुंगत राहू लागली.

शेवटी तिने घर बांधणाऱ्या कंपनीला फोन केला. फोन एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि बऱ्याच दिवसांनी कर्ट लोमॅक्स नावाचा सुपरवायझर आला. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या चढवून तो घरभर फिरला. मागच्या खोलीत गेल्यावर क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हललं. मग परत जागेवर आलं. त्याने कमोडचा फ्लश ओढला. पाणी गोल फिरून निघून गेलं.

“बघा, किती छान जातंय,” तो म्हणाला. “घर ठणठणीत आहे. या खोलीत कोण असतं?”

“माझे सासरे.”

“वय?”

“एक्याऐंशी.”

कर्टने आवाज खाली आणला, जणू मयताच्या घरी आलाय. “मारिसा, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आजीचंही असंच होतं. या वयात माणसाचा ताबा राहत नाही, आणि लाजेने ते सांगतही नाहीत. गालिचात मुरतं, गादीत मुरतं. याला बांधकामात इलाज नसतो.”

मारिसाला त्या माणसाची शिसारी आली. परक्याच्या घरात उभं राहून परक्याच्या बापाबद्दल हे बोलायचं. तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण तो गेल्यावर ती पांच्या खोलीत गेली, पलंगापाशी वाकली आणि गादी हुंगली. मग उशी. मग खुंटीवरची त्यांची पँट. हुंगायचं ठरवलं की कशालाही वास येतो.

दुसऱ्या दिवशी तिने औषधांच्या दुकानातून म्हाताऱ्या माणसांचे डायपर आणले आणि पांच्या कपाटात, बनियनांच्या शेजारी नीट रचून ठेवले. गादीवर प्लॅस्टिकचं अस्तर घातलं, वर चादर घातली. कुणाशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी पा जेवायला आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

“काही म्हणायचंय का, मारिसा?”

“नाही, पा. कशाबद्दल?”

“काही नाही. मीठ दे इकडे.”

त्यानंतर पा दिवसातून दोनदा आंघोळ करू लागले, मग तीनदा. खोलीतून सारखा पाण्याचा आवाज यायचा. संडासात गेले की दोन-दोन वेळा फ्लश ओढायचे. आणि ते जेवढं धूत होते तेवढा वास वाढत होता. कधी कधी माश्यांचा थवा बाहेरून खिडकीच्या जाळीवर बसलेला असायचा. आल्फी बापाच्या खोलीत जायचंच टाळू लागला. मारिसाने विषय काढला की म्हणायचा, “तो माझा बाप आहे. मी काय बोलू त्याच्याशी, सांग. तूच बघ काय ते.” आणि बस चालवायला निघून जायचा.

एक गोष्ट मात्र त्या घरात आनंदाची होती, ती म्हणजे टोमॅटो. असे टोमॅटो कुणी पाहिले नव्हते. रोपं छातीएवढी झाली, फळं मुठीएवढी, लालबुंद, देठापर्यंत रसाने भरलेली. पा पाव कापायचे, त्यावर अर्धा टोमॅटो चोळायचे, वर ऑलिव्हचं तेल ओतायचे आणि सगळ्यांना वाढायचे. शेजारच्या स्नेझानाला टोपली भरून दिले. ती मॅसेडोनियाची, बोलायला तोफ. कुंपणावरून ओरडून म्हणाली, “चेन्सू, मातीत घालतोस तरी काय? माझ्या रोपांना दोन बोरं लागलीत.”

“मातीशी बोलावं लागतं,” पा म्हणाले. त्या उन्हाळ्यात ते हसलेले मारिसाने तेवढंच पाहिलं.

फेब्रुवारी संपता संपता पा एक दिवस बॅग भरून बैठकीत येऊन बसले. “जरा टेसीकडे जाऊन येतो जिलाँगला,” ते म्हणाले. टेसी म्हणजे त्यांची मुलगी. “समुद्राची हवा बरी.” किती दिवस, ते मारिसाने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आल्फी त्यांना सोडायला गेला. गाडी वळल्याबरोबर मारिसाने मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, गादी उचलून उन्हात टाकली आणि गालिचा पुन्हा धुतला. आठवडाभरात वास कमी झाला. मग जवळजवळ गेलाच. मारिसाला हायसं वाटलं. तिने त्या खोलीत इस्त्रीचं टेबल मांडलं आणि मनाशी म्हणाली, कर्ट बोलला ते खोटं नव्हतं तर.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी ती आल्फीचा शर्ट इस्त्री करत होती. वास आला. तिने मान वर केली. तोच वास, कुजकट, जरासा गोड. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि कापड करपायला लागलं तेव्हा तिला भान आलं. पा दीड महिना जिलाँगला होते. गादी उन्हात सुकवली होती. कपाट रिकामं होतं. या खोलीत आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

“आल्फी,” तिने हाक मारली. “तू मागचा संडास वापरतोस?”

“शिफ्ट बदलल्यापासून. पहाटे तुझी झोपमोड नको म्हणून. का?”

मारिसाने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग ती म्हणाली, “मी मागे जाऊन उभी राहते. हाक मारली की फ्लश ओढ. सारखा ओढत राहा.”

ती टोमॅटोच्या वाफ्यापाशी गेली. रोपं आता सुकायला आली होती, पण खाली माती ओली होती. गेल्या तीन आठवड्यांत पावसाचा थेंब नव्हता आणि पा गेल्यापासून कुणी पाणी घातलं नव्हतं. तिने हाक मारली. आत फ्लशचा आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा फ्लश. मग भिंतीच्या कडेला जमीन गुडगुडली आणि रोपांच्या मुळांमधून तपकिरी पाणी वर आलं. पाण्याबरोबर कागदाचा एक लिबलिबीत तुकडा आला आणि टोमॅटोच्या खोडाला चिकटून राहिला.

मारिसा कुंपणापाशी गेली आणि ओकली. उन्हाळाभर पावावर चोळलेले सगळे टोमॅटो तिला आठवले.

आल्फीने फावडं आणलं. तोंडाला फडकं बांधून त्याने भिंतीलगत खणायला घेतलं. माती काळी झाली होती, साबणासारखी बुळबुळीत. फावड्यातून सुटायची नाही. किडे वळवळत होते. मध्ये मध्ये तो थांबायचा, लांब जाऊन श्वास घ्यायचा आणि परत यायचा. कमरेएवढं खणल्यावर पाइप लागला. संडासाचा पाइप काँक्रीटच्या पायाखालून बाहेर येत होता आणि तिथेच संपत होता. रस्त्याकडच्या गटाराला जाणाऱ्या पाइपाचं टोक हातभर पुढे दिसत होतं, कोरडं, स्वच्छ, कालच दुकानातून आणल्यासारखं. दोन्ही पाइप वर्षभर एकमेकांकडे बघत मातीत पडून होते. जोडायचेच राहिले होते. आणि पायाखालून येणाऱ्या पाइपाच्या तोंडात कुणीतरी बेकरीची प्लॅस्टिकची पिशवी कोंबून ठेवली होती, काम चालू असताना आत माती जाऊ नये म्हणून. ती अर्धी फाटली होती. फाटलेल्या भागातून वर्षभराची घाण निथळत होती.

आल्फी खड्ड्याच्या काठावर बसला. “आपण त्यांना घालवलं,” तो म्हणाला.

“मी घालवलं,” मारिसा म्हणाली.

“मी गाडी चालवली.”

या वेळी कर्ट दुसऱ्या दिवशीच आला. निळ्या टोप्या घालायला वाकला तेव्हा मारिसा म्हणाली, “राहू दे. आपल्याला आत जायचंच नाही.” आणि त्याला मागे घेऊन गेली. खड्ड्याच्या काठावर त्याने नाकावर हात धरला.

“हात काढ,” मारिसा म्हणाली. “मागच्या वेळी तुला काही वास आला नव्हता.”

कर्टने हात काढला. “या भागातली मातीच वाईट आहे. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. पाइप सरकला असणार.”

“सरकला?” आल्फी म्हणाला. “तोंडात पिशवी कोंबून घेऊन सरकला? जाताना दुपारचा डबा बरोबर घेतला का त्याने?”

“मी कुणाची बाजू घेत नाहीये. जोडणाऱ्याचं राहून गेलं असेल. पण माती टाकण्याआधी तपासनीस येतो. त्याने बघूनच मंजुरी दिलीय.”

“त्याने गाडीत बसून मंजुरी दिली असेल,” मारिसा म्हणाली. “आणि तू माझ्या सासऱ्यांवर आळ घातलास. त्यांच्याच खोलीत उभं राहून. तुला तेव्हाच कळलं होतं. मी तुझं तोंड बघत होते.”

कर्टने घसा खाकरला. कंपनी सगळं फुकट दुरुस्त करून देईल, तो म्हणाला, माती बदलेल, नवा गालिचा टाकेल, वर हॉटेलात राहायचं बघेल. फक्त एका कागदावर दोघांची सही लागेल, की या गोष्टीची चर्चा आजूबाजूला करायची नाही. वस्ती नवी आहे, उगाच लोकांच्या घरांची किंमत पडायला नको. “तुमच्याच भल्याचं आहे,” तो म्हणाला.

मारिसाला खड्ड्याहून त्या बोलण्याची जास्त घाण वाटली. ती काही बोलायच्या आत कुंपणावरून स्नेझानाचं डोकं वर आलं. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. आज तिचा आवाज तोफेसारखा नव्हता.

“तुमच्याकडेही येतो?” तिने विचारलं. “वास?”

“तुझ्याकडे येतो?”

“कपडे धुवायच्या खोलीत. मला वाटलं मेडो करतोय.” मेडो म्हणजे तिचा कुत्रा, म्हातारा, केसाळ, दारात पडून असायचा. हल्ली दिसत नव्हता. “किती मारलं त्याला. शेवटी बॅलरॅटला एका शेतकऱ्याला देऊन टाकला.” ती कर्टकडे वळली. “मी तुझ्या ऑफिसला फोन केला होता. तूच आला होतास ना? तूच विचारलंस, घरात जनावर आहे का म्हणून.”

कर्टने फोन काढला आणि कुणाशी तरी बोलायला गाडीकडे निघाला. मारिसाने त्याला थांबवलं नाही. ती आणि स्नेझाना त्या दुपारी रस्त्यावरच्या एकेका दारावर गेल्या. काहींनी दार उघडून तोंडावरच आपटलं. एक गृहस्थ म्हणाला, “आम्हाला पुढच्या वर्षी घर विकायचंय, तुम्ही कृपा करून तोंड बंद ठेवा.” त्याच्या मागून, त्याच्या घरातून, वास बाहेर येत होता. तो त्या वासात उभा राहून हे बोलत होता. पण बाकीच्या चार घरांतून माणसं हळूहळू बाहेर आली. कुणी बाळाच्या दुपट्यांना दोष दिला होता, कुणी नवऱ्याच्या बुटांना. एका बाईने माहेरच्या माणसांना बोलवणंच बंद केलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की घाण आपल्याच घरातली आहे, आणि लाजेपायी सगळे गप्प होते.

मारिसा पुढच्या शनिवारी जिलाँगला गेली. आल्फी येतो म्हणाला, पण तिने त्याला नको म्हटलं. दार टेसीने उघडलं आणि अडवून उभी राहिली.

“घेऊन जायला आलीस की हुंगायला?”

“तुला बोलायचा हक्क आहे,” मारिसा म्हणाली. “पण आधी त्यांना भेटू दे.”

पा मागच्या अंगणात खुर्चीवर होते. उतरले होते. तिने सगळं सांगितलं, पाइप, पिशवी, स्नेझानाचा कुत्रा, काही न वगळता. टोमॅटोचंही सांगितलं. पा गुडघे चोळत ऐकत होते.

“मी डॉक्टरकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “तुम्हाला न सांगता. त्याला म्हटलं, माझ्या आत काहीतरी सडतंय, बघ. त्याने पोट दाबलं, रक्त काढलं. म्हणाला, आजोबा, तुम्ही माझ्यापेक्षा धडधाकट आहात. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला खोटं बोलतोय.”

मारिसा रडायला लागली. पांनी तिला थांब म्हटलं नाही.

“ते प्लॅस्टिक,” ते मग म्हणाले. “कूस बदलली की करकरायचं. दोन महिने मी पाठीवर निजलो. तुम्हाला आवाज जाईल म्हणून.”

“पा, मी काय बोलू.”

“काही बोलू नकोस. मला तो खड्डा दाखव.”

दुसऱ्या दिवशी टेसीनेच त्यांना गाडीतून आणलं. खड्डा अजून उघडा होता. कंपनीची माणसं यायची होती. पा काठी टेकून काठावर उभे राहिले, आत वाकून बघितलं, जोडायचा राहिलेला पाइप बघितला, काळी माती बघितली. मग आल्फीकडे वळले.

“एवढं मी एकट्याने केलं असं तुम्हाला वाटलं?” ते म्हणाले. “माझ्या पोटाबद्दल फार मोठं मत आहे तुमचं.”

टेसीला हसू फुटलं, मग आल्फीला. मारिसाला हसता आलं नाही. पा खड्ड्यात थुंकले आणि गाडीकडे चालू लागले.

सही कुणीच केली नाही. सहा घरांनी मिळून वकील केला. हिवाळाभर रस्त्यावर यंत्रं धडधडत होती. लाद्या फुटल्या, काँक्रीट फुटलं, घाणीने भरलेले ट्रक गेले. पुढच्या चौकात त्याच कंपनीची नवी घरं उठत होती आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कर्टच होता. गाडीत बसून मंजुरी देणारा तो तपासनीसही कुठेतरी मंजुऱ्या देत होता. स्नेझाना बॅलरॅटला जाऊन आली. शेतकऱ्याने कुत्रा परत द्यायला नकार दिला, आणि मेडोही तिच्याकडे आला नाही, असं तिने एकदाच सांगितलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

पा जिलाँगलाच राहिले. मारिसाने दोनदा विचारलं. खोली रंगवली होती, गादी नवी होती, वासाचा मागमूस नव्हता. “बरंय मला इथे,” ते म्हणाले. तिसऱ्यांदा विचारायचं तिला धाडस झालं नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मात्र ते जेवायला आले. मारिसाने त्यांच्या आवडीचा सशाचा रस्सा केला होता, वाइन घालून, सकाळपासून मंद आचेवर. पा पोटभर जेवले, दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “जरा जाऊन येऊ का?”

“विचारता काय, पा,” मारिसा म्हणाली.

ते पुढच्या संडासात गेले. मारिसा ओट्यापाशी भांडी विसळत होती. तिला आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग फ्लश. मग पुन्हा फ्लश. मग कितीतरी वेळ नळ वाहत राहिला.

बाहेर येऊन ते दारात उभे राहिले. हात पुसून कोरडे झाले होते, तरी पुसतच होते.

“खिडकी उघडी ठेवलीय,” ते म्हणाले. “थोडा वेळ राहू दे.”